घड्याळ लावून थांबणं



मी छत्तीसगडमधल्या भिलाईहून, सुपेल्यातून बोलते आहे. विदर्भातून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग करत इथे येते. त्याच गाडीने पोलाद कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. मी सर्जन आहे. पोटाच्या शस्त्रक्रिया करण्यात माझं आयुष्य गेलं. आज मात्र मी बोलणार आहे ते न केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल.

एक प्रसंग सांगते. पन्नाशीच्या एक बाई, माहेर गोंदियाकडचं. लग्नाचं जेवण जेवून आल्या आणि मध्यरात्री पोटात कळा सुरू झाल्या. कळ यायची, जीव नकोसा करायची, ओसरायची, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा यायची. मग उलट्या. आधी जेवण पडलं, मग हिरवं पाणी. सकाळपर्यंत पोट फुगलं. संडास नाही, आणि वारासुद्धा सरेना. बेंबीखाली जुना व्रण होता, दहा वर्षांपूर्वी गर्भाशय काढल्याचा. तपासण्या झाल्या, लहान आतडं अडलंय हे कळलं. आम्ही नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, तोंडाने घोटभर पाणीसुद्धा बंद केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. आवाज चढलेला. म्हणाला, "मॅडम, दोन दिवस झाले, आईला नुसतं बाटल्यांवर ठेवलंय. ऑपरेशन करायचं तर करून टाका. नाहीतर सांगा, रायपूरला नेतो. पण हे काहीच न करता बसणं मला बघवत नाही."

त्याचा राग खोटा नव्हता. आई तळमळते आहे आणि डॉक्टर नुसते येऊन पोटावर हात ठेवून जातात, हे कुणालाही बघवणार नाही. पण "काहीच न करता" हे त्याचे शब्द बरोबर नव्हते. आम्ही काय करत होतो, ते त्याला त्या दिवशी जसं समजावलं, तसंच आज तुम्हाला सांगते.

आधी आतड्याचं समजून घेऊ. लहान आतडं साधारण सहा मीटर लांबीचं. आपण पितो ते पाणी, लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून रोज आठ-नऊ लिटर पातळ पदार्थ त्यातून जातो. त्यातला बहुतेक भाग आतडंच परत शोषून घेतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. आता या नळीला मध्येच कुठे अडथळा आला, तर वरून रस येत राहतो आणि पुढे जायला वाट नसते. आतडं फुगतं. फुगलेलं आतडं शोषायचं सोडून उलट आणखी पाणी सोडतं. पोटात लिटरच्या लिटर पाणी साचतं आणि शरीर मात्र कोरडं पडत जातं. रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, पोटॅशियम घसरतं. पोटॅशियम घसरलं की आतड्याची हालचाल आणखी मंदावते.

अडथळा कशाने येतो? मुख्य कारण म्हणजे जुनी शस्त्रक्रिया. पोट उघडलं की आतल्या नाजूक आवरणाला इजा होते. ती भरून येताना तंतू तयार होतात आणि आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक सगळ्यांना असे थोडेफार चिकटे असतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कमी, पण असतात. बहुतेकांना जन्मभर त्रास होत नाही. काहींना मात्र वर्षभराने, दहा वर्षांनी, कधी तीस वर्षांनीही आतडं त्या तंतूपाशी मुडपतं. दुसरं कारण हर्निया. तिसरं, आपल्या देशात विसरून चालणार नाही असं, आतड्याचा क्षयरोग. याशिवाय गाठी असतात, आणि लहान मुलांमध्ये जंतांचा गुंताही असतो.

आता चिकट्यांचं कोडं बघा. शस्त्रक्रियेमुळे चिकटे झाले. चिकट्यांमुळे आतडं अडलं. ते सोडवायला पुन्हा पोट उघडलं. म्हणजे नव्या चिकट्यांची सोय झाली. मी नवी सर्जन असताना एका तरुणीचं पोट असंच घाईने उघडलं होतं. शिकताना आमच्या कानावर एक जुना इंग्रजी दंडक पडलेला: अडलेल्या आतड्यावर सूर्य उगवू देऊ नका आणि मावळू देऊ नका. मी तो अक्षरशः पाळला. आत गेले तर आतडं गुलाबी, जिवंत. एक साधा तंतू होता, तो कापला आणि बाहेर आले. मला फार कौतुक वाटलं स्वतःचं. ती मुलगी पुढच्या सहा वर्षांत तीनदा तशाच कळा घेऊन आली. तिसऱ्या वेळी आतडी इतकी चिकटलेली होती, की सोडवताना दोन ठिकाणी फाटली. पहिल्या रात्री मी थांबले असते तर ती तशीच सुटली असती, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. पण मी थांबून पाहिलंच नव्हतं, एवढं खरं.

तो दंडक तयार झाला तेव्हा त्याला कारण होतं. त्या काळी आत आतडं जिवंत आहे की काळं पडतंय, हे पोट न उघडता कळायला मार्ग नव्हता. मग दोन गोष्टी झाल्या. १९२१ साली जॉन राइल या इंग्लिश डॉक्टरांनी जठरातला रस तपासण्यासाठी एक बारीक, मऊ नळी वापरात आणली. आपल्या वॉर्डात सिस्टर आजही "राइल्स ट्यूब" म्हणतात, ती त्यांच्याच नावाची. आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाचे सर्जन ओवेन वँगनस्टीन यांनी दाखवलं, की अडलेल्या आतड्यातला बराचसा वारा म्हणजे आपण गिळलेली हवा असते. ती हवा आणि साचलेला रस नळीने सतत ओढून घेतला, तर फुगलेलं आतडं सैल पडतं आणि कितीतरी वेळा मुडपलेली घडी आपोआप उलगडते. बागेतला पाइप मुडपला आणि पाण्याचा जोर वाढला की घडी घट्ट बसते. जोर कमी केला की ती सुटायला वाव मिळतो. तसंच काहीसं हे आहे.

तेव्हा नाकातली ती नळी म्हणजेच औषध आहे. नातेवाइकांना ती छळ वाटते. रुग्ण म्हणतो, घशात टोचतं, काढा. कुणी रात्री गुपचूप उपसूनही टाकतं. पण त्या पिशवीत जमणारा प्रत्येक लिटर हिरवा रस आतड्यावरचा ताण तेवढा कमी करत असतो, आणि उलटी फुप्फुसात जाण्याचा मोठा धोकाही टाळत असतो.

दुसरं औषध सलाईन. जेवढं नळीतून गेलं, जेवढं आतड्यात साचलं, तेवढं शिरेतून परत द्यायचं, हिशेबाने. म्हणून लघवीची नळी. तासाला किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी हवी. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलिलिटर. सोबत पोटॅशियम तपासून भरून काढायचं.

तिसरं औषध डॉक्टरांचा हात. शक्यतो एकाच डॉक्टरने दर काही तासांनी तेच पोट तपासायचं. काल दुखत नव्हतं तिथे आज दाबल्यावर दुखतंय का? पोट कडक होतंय का? नाडी ८४ होती ती ११० झाली का? ताप आला का? पांढऱ्या पेशी वाढल्या का? यातला प्रत्येक आकडा कागदावर, वेळेसह लिहायचा.

सुपेल्यात एक घडी चौक आहे. त्या मुलाला मी म्हणाले, "घडी चौकातून जाताना वर बघतोस ना, तसं आम्ही तुझ्या आईकडे बघतोय. वेळ लिहितोय. बहात्तर तासांच्या पुढे मी थांबणार नाही. आणि त्याआधी एक जरी चिन्ह बिघडलं, तर रात्री दोन वाजतासुद्धा शस्त्रक्रिया करीन."

हे बहात्तर तास मी मनाने काढलेले नाहीत. चिकट्यांमुळे अडलेल्या आतड्यासाठी जगभरातल्या सर्जन मंडळींनी इटलीतल्या बोलोन्या शहराच्या नावाने मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत. त्यांची सुधारित आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. आतडं मरत असल्याची लक्षणं नसतील तर आधी विनाशस्त्रक्रिया उपचार करावेत, त्यात ७० ते ९० टक्के रुग्णांचं आतडं सुटतं, आणि साधारण ७२ तास थांबणं सुरक्षित मानता येतं, असं त्यात म्हटलं आहे.

त्याच तत्त्वांमध्ये आणखी एक साधन आहे. आयोडीन असलेलं, पाण्यात विरघळणारं एक द्रव्य नळीतून जठरात सोडायचं. आधी नळीने पोट रिकामं केल्यावर, सुमारे ५० ते १५० मिलिलिटर. ते एक्स-रेमध्ये पांढरं दिसतं. मग ठरावीक तासांनी एक्स-रे काढायचा. चोवीस तासांच्या आत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं, तर बहुतेकांची वाट शस्त्रक्रियेशिवाय मोकळी होते. नाही पोचलं, तर उगाच दिवस घालवण्यात अर्थ नाही. शिवाय ते द्रव्य सूज आलेल्या आतड्यातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे वाट सुटायलाही मदत होते असं मानतात.

त्या बाईंना आम्ही ते दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटेचा एक्स-रे बघितला तर उजवीकडे खाली, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पांढरी सावली. सात वाजता सिस्टर धावत आली. "मॅडम, पेशंटचा वारा सरला!" तुम्ही हसाल. पण सर्जरीच्या वॉर्डात याहून गोड बातमी नसते. तो मुलगा जिन्यावर बसून रडला. दुपारी नळीला चिमटा लावला, संध्याकाळी काढली. दुसऱ्या दिवशी चमच्या-चमच्याने पेज. इथे त्याला पसिया म्हणतात.

इथेच थांबले तर ही गोष्ट गोड होईल आणि धोकादायकही होईल. म्हणून दुसरी सांगते. तीही माझीच चूक आहे.

एका गृहस्थांना अपेंडिक्सच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडं अडलं. मी नळी, सलाईन सगळं केलं. दुसऱ्या रात्री त्यांची कळ थांबली आणि त्याऐवजी एकसारखं दुखायला लागलं. फोनवर मी वेदनाशामक द्यायला सांगितलं. सकाळी ते शांत पडलेले. मला वाटलं, सुधारले. नाडी मात्र १२० होती. तो आकडा कागदावर लिहिलेला होता, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दुपारी पोट उघडलं तेव्हा दोन फूट आतडं काळं पडलेलं होतं. ते कापावं लागलं. ते गृहस्थ वाचले, पण महिनाभर रुग्णालयात राहिले. येऊन-जाऊन येणारी कळ म्हणजे आतडं अजून झगडतंय. ती थांबून सतत दुखू लागलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या रात्री मी उठून गेले नाही.

म्हणून मी त्याला नुसतं थांबणं म्हणत नाही, घड्याळ लावून थांबणं म्हणते.

कोणासाठी थांबायचंच नाही, हेही स्पष्ट सांगते. सतत, वाढती वेदना, ताप, नाडी वेगात, पोट लाकडासारखं कडक. जांघेत किंवा बेंबीपाशी हर्नियाची गाठ, जी आत जात नाही, लाल होते, दुखते. सीटी स्कॅनमध्ये आतड्याला पीळ दिसतो, दोन्ही टोकं बंद झालेली दिसतात किंवा रक्तपुरवठा कमी दिसतो. या लोकांना शस्त्रक्रियाच हवी, आणि लगेच हवी. तिथे "बघू उद्यापर्यंत" म्हणणं म्हणजे आतडं घालवणं. थांबायचं ते रुग्णालयात, जिथे शस्त्रक्रियेची तयारी आहे अशाच ठिकाणी. घरी नाही.

आता घरगुती उपायांकडे येते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. पोट दुखलं की आपल्याकडे म्हणतात बेंबी सरकली, नळ भरले. मग कुणी जाणती बाई पोट चोळते. संडास होत नाही म्हणून एरंडेल पाजतात, जुलाबाची गोळी देतात. अडलेल्या, फुगलेल्या आतड्यावर हे करू नका. एरंडेल मागून जोर लावतं, आणि पुढे भिंत असते. चोळल्याने आधीच ताणलेलं आतडं फुटू शकतं. मला श्रोत्यांनी विचारलं आहे, की परदेशात हाताने दाब देऊन चिकटे सोडवण्याची उपचारपद्धती आहे म्हणे, ते खरं का? अशी पद्धत आहे, आणि तिच्यावर काही छोटे अभ्यासही झालेत. पण तो उपचार प्रशिक्षित लोक करतात, आणि झटका ओसरून गेल्यावर, तो पुन्हा येऊ नये म्हणून करतात. सर्जन लोकांच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला अजून जागा मिळालेली नाही. उलट्या चालू असताना पोटाला हात लावायचा तो तपासण्यासाठीच.

क्षयरोगाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे विनाशस्त्रक्रिया उपचार म्हणजे तीन दिवस नव्हेत, सहा महिने असतात. जेवल्यावर पोटात गोळा उठतो, गुडगुड करत फिरतो आणि विरतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, भूक नाही. अशा माणसाचं आतडं क्षयाने आकसलेलं असू शकतं. पूर्वी अशा आकसलेल्या आतड्याला कापण्याशिवाय इलाज नाही असं समजलं जाई. १९८८ साली भारतीय डॉक्टरांनी 'गट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा ३९ रुग्णांचा अनुभव मांडला. क्षयाच्या गोळ्यांवर बहुतेकांचा त्रास गेला, शस्त्रक्रिया फक्त तिघांना लागली. आतडं पूर्ण अडलेलं नसेल, फुटलेलं नसेल, तर आधी निदान पक्कं करायचं आणि गोळ्या द्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. पण दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. आणि गोळ्या चालू असतानाही पोट पूर्ण अडलं, तर रुग्णालय गाठायचं.

लहान मुलांत जंतांचा गुंता झाला, तर तोही पुष्कळदा नळी आणि सलाईनवर सुटतो. फक्त आतडं अडलेलं असताना जंताचं औषध द्यायचं नाही. ते नंतर. आणि शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नका. गुंता होण्याची वेळच येणार नाही.

एक गोष्ट बायकांसाठी. गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रियांवरून २०१२ साली आमच्या छत्तीसगडमध्ये गदारोळ झाला. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचा तोच प्रश्न महाराष्ट्राच्या विधिमंडळात पोचला. त्यावर अनेक अंगांनी बोलता येईल. मी सर्जन म्हणून एवढंच सांगते, की "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असं कुणी म्हणालं, तर कटकट मिटतेच असं नाही. पोटात चिकट्यांची शक्यता जन्मभर राहते. गरज असेल तर शस्त्रक्रिया जरूर करा. गरज आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरला विचारूनच करा. आणि पोटाची कुठलीही शस्त्रक्रिया झाली असेल, अगदी कुटुंबनियोजनाची, तरी पोटदुखीसाठी जाताना ती डॉक्टरांना आठवणीने सांगा. पुष्कळ बायका ती सांगतच नाहीत. त्यांच्या लेखी ते ऑपरेशनच नसतं.

शेवटी, आतडं सुटून घरी गेलेल्यांसाठी. ते पुन्हा अडू शकतं. शस्त्रक्रियेविना बरे झालेल्यांपैकी साधारण १२ टक्के वर्षभरात आणि २० टक्के पाच वर्षांत परत येतात. शस्त्रक्रिया झालेल्यांतही हे आकडे ८ आणि १६ टक्के आहेत, म्हणजे फरक आहे, पण चाकूने कायमची सुटका होते असं नाही. सुरुवातीचे काही आठवडे मऊ खा, थोडं थोडं खा, नीट चावून खा. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याच्या फोडीची साल, उसाचा चोथा गिळू नका. डिस्चार्जचा कागद जपून ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या. कळा, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, न सरणारा वारा, ही चार लक्षणं एकत्र आली तर खाणं-पिणं बंद करून थेट रुग्णालयात जा.

आणि तिथे डॉक्टर म्हणाले, की आपण थांबून बघू, तर त्यांना तीन प्रश्न विचारा. किती वेळ थांबणार? कशावरून कळेल की सुधारतंय? आणि काय दिसलं तर शस्त्रक्रिया करणार? डॉक्टर रागावणार नाहीत. ज्यांनी घड्याळ लावलेलं आहे, त्यांच्याकडे तिन्ही उत्तरं तयार असतात. त्या मुलाने रागाच्या भरात का होईना, पण हेच विचारलं होतं.

त्या बाई अजून येतात, रविवारच्या बाजाराला आल्या की. मी विचारते, "पोट काय म्हणतंय?" त्या म्हणतात, "चालू आहे मॅडम, गाडी वेळेवर आहे."

तुमचीही वेळेवर असो.